भरतीची वेळ पाहून फाटक उघडा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
गोवा सरकार, पणजी

विषय : चोडण येथील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातली होडीफेरी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात अभयारण्य म्हटले की सध्या गाडी म्हादई आणि वाघावरच येऊन थांबते. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेव्हापासून सत्तरीतल्या चहाच्या टपरीपासून पणजीच्या कॅफेपर्यंत ज्याला त्याला त्यावर मत आहे. तो वाद त्याच्या जागी. माझे पत्र त्याच नदीच्या पार खालच्या टोकाबद्दल आहे, जिथे म्हादईला आपण मांडवी म्हणतो आणि जिथे राज्यातले सर्वांत लहान अभयारण्य आहे. क्षेत्रफळ 1.78 चौरस किलोमीटर. म्हादई अभयारण्य 208 चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे तिथल्या नकाशावर चोडण बेटावरचे हे कांदळवन, म्हणजे खारफुटीचे रान, ठिपक्याएवढे दिसेल. सलीम अली 1987 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी या वनाला त्यांचे नाव मिळाले. नाव मोठे, जागा एवढीशी. म्हणूनच बहुधा फायलींच्या गठ्ठ्यात ते खाली जात असावे.

मी डिचोली तालुक्यात शाळामास्तर आहे. मुलांना घेऊन चोडणला जाणे माझ्या नोकरीचाच भाग झाला आहे. तक्रारींची यादी घेऊन आलेलो नाही. मागणे एकच आहे: या अभयारण्याच्या आतल्या भागात माणूस फक्त होडीने जाऊ शकतो, तर होडी कधी सुटावी, कशी असावी आणि कोणी हाकावी हे नदीला विचारून ठरवा.

हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पणजीत बसून चोडण जवळ वाटते आणि जवळची गोष्ट आपण नीट बघत नाही.

बेट असले तरी चोडणला आज वाट आहे. आम्ही डिचोलीकर मयेच्या बाजूने रस्त्याने येतो, पणजीकर पोंते द लिन्हारेसवरून रायबंदरला येऊन फेरीबोट धरतात. फेरीतून उतरलात की अभयारण्य जवळच, बेटाच्या पश्चिम टोकाला. आत पायवाट आहे, निरीक्षण मनोरा आहे, बांधाच्या कडेने चालत काही अंतर जाता येते. पण हे झाले उंबरठ्यापर्यंत. कांदळवनाचा गाभा म्हणजे त्याच्या आतल्या खाड्या. त्यांना फाटे, फाट्यांना उपफाटे, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींना टेकतात अशी चिंचोळी पाण्याची गल्ली. तिथे पाऊल टाकायला जमीनच नाही. चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो. तिथे जायचे तर अरुंद, उथळ बुडाची होडी हवी आणि तिला तरंगायला पाणी हवे.

आणि पाणी तिथे दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते. ते कोणाच्या ड्युटीच्या वेळा पाहत नाही. रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आमच्याकडची जुनी माणसे यासाठी घड्याळ बघत नसत. तिथी पाऊणपट करायची, भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. भर दिवसा खाड्या काठोकाठ. द्वादशीला नऊ. अष्टमीला सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा, शिवाय तेव्हा भांगाचे पाणी, ते उधाणासारखे चढतही नाही. अष्टमीला दुपारी बाराला जो चोडणला पोचेल त्याला खाडीच्या जागी चकाकता चिखल दिसेल. हे गणित अगदी नेमके नाही, दोन भरत्याही सारख्या नसतात, एक जोराची तर एक हलकी. नेमके हवे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके छापतो आणि त्यात मुरगाव बंदर आहे. मुरगावहून चोडणपर्यंत पाणी चढायला किती वेळ लागतो ते दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक सांगू शकतील, मांडवीच्या भरतीवर त्यांनी काम केले आहे. थोडक्यात, वर्षभराचे वेळापत्रक आजच तयार करता येईल. त्याला निविदा लागत नाही.

एक प्रसंग सांगतो. सहल जुळवून देणाऱ्या एका मध्यस्थाने आम्हाला दुपारची वेळ दिली होती. सातवीची मुले, डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळा लवाजमा. होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि बूड घासल्याचा आवाज झाला. वल्हे मारणाऱ्या म्हाताऱ्या तारीने बांबू टेकवून एकदा जोर लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “सुकती आसा, भितर वचूंक मेळचें ना.” म्हणजे ओहोटी आहे, आत जाता येणार नाही. झाले. पैसे भरलेले, मुले हिरमुसलेली. दोष त्या तारीचा नव्हता. तो सकाळपासून तेच सांगत होता, पण वेळ ठरवणाऱ्याने त्याला विचारलेच नव्हते.

तरी मुलांचा दिवस फुकट गेला नाही, कारण ओहोटीचे चोडण वेगळेच असते. चिखलावर निवट्या हे मासे सरपटत होते, दोन परांवर रेटा देत, मध्येच उडी मारून. एक मोठी नांगी आणि एक चिमुकली अशा जोडीचे खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून मोठी नांगी हलवत होते. तिवराची श्वासमुळे पेन्सिली रोवाव्यात तशी चिखलातून वर आलेली. एका मुलीला मी तिवराच्या पानाची खालची बाजू जिभेला लावायला सांगितली. तिने तोंड वाकडे केले, मग बाकीच्या सगळ्यांना पान चाटायचे होते. झाड मुळाने खारे पाणी पिते आणि मीठ पानावाटे टाकते, हे पुस्तकात चार ओळींत आहे; त्या दिवसानंतर परीक्षेत ते कोणी चुकवले नाही. पुढच्या झाडाला हात लावू दिला नाही, कारण तो गेवा होता. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ही माहिती वाटाड्याला हवीच, आणि ज्याला ती नाही त्याच्या हाती मुलांची होडी देऊ नये.

म्हणून माझे म्हणणे असे की भेटीचे दोन प्रकार करा. ओहोटीला पायवाट आणि मनोरा: चिखलावर उतरलेले तुतारी पक्षी, बगळे आणि हिवाळी पाहुणे तेव्हाच दिसतात, कारण त्यांचे ताट तेव्हाच वाढलेले असते. भरतीला होडी: खंड्याचे तीन-चार प्रकार, फांदीवर डुलक्या घेणारे रातबगळे, आणि नशीब जोरावर असेल तर पाणमांजरांचे कुटुंब. मगरीही आहेत. पाण्यात हात घालायचा नाही हा नियम मुलांना एकदा सांगितला की पुरतो, मोठ्यांना तीनदा सांगावा लागतो. लेसर अॅडज्युटंट हा दुर्मीळ करकोचा या भागात दिसतो, त्याच्यासाठी लोक लांबून येतात. अशा माणसाला सहाला यायचे असते, आणि भरती सहाला असेल तर फाटकही सहाला उघडे हवे. महिन्यातले काही दिवस पहाटे उघडा, काही दिवस दुपारी उशिरा सुरू करा, आणि वनरक्षकांना त्याप्रमाणे पाळ्या व भरपाईची सुट्टी द्या. त्यांची बाजूही बघायला हवी. चिखल-डासांत उभे राहणारी ती माणसे आहेत.

हे कुठे घडत नाही असे नाही. 2015 मध्ये जाहीर झालेल्या ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरतीवरच ठरतात. मुंबईकर घड्याळावर जगणारा माणूस. तोही निमूटपणे कोष्टक बघून येतो. आपल्याकडे तर माशेलच्या बाजारात बसलेल्या मासेवालीलाही आज पाणी कधी चढणार हे ठाऊक असते.

आता होडी कशी असावी. इथे मी जरा ताठर आहे. आतल्या खाड्यांत इंजिनाची बोट नको, कितीही लहान असली तरी. आवाज हे कारण सगळ्यांना पटते, पण खरे नुकसान लाटेचे आहे. कांदळाचे बी झाडावरच रुजते, वीतभर लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबते आणि पडते ते सरळ चिखलात उभे राहण्याच्या बेताने. पहिले काही दिवस ते नुसते टेकलेले असते. चिंचोळ्या गल्लीतून इंजिन गेले की पाणी दोन्ही काठांवर आपटते, काठ ढासळतो आणि ते कोवळे रोप उपटून वाहून जाते. तेलाचा तवंग श्वासमुळांवर बसतो, त्यांची छिद्रे बुजतात. एकदा आमच्या होडीला ओलांडून अशी एक बोट गेली. वर गाणी चालू होती. आमची होडी मुळांच्या जाळीवर आदळली, आणि बगळ्यांचा सबंध थवा उठून समोरच्या तीरावर गेला तो परत आला नाही. त्या बोटीतल्या लोकांनी काय पाहिले असेल? पांढरे ठिपके, लांबून.

मुख्य पात्रात काय चालावे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो एकट्या तुमच्या हातात नाही हेही समजते. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवेचा कालवा 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले. खनिजाच्या बार्जेस, कॅसिनो, संध्याकाळच्या क्रूझ, सगळे त्याच पाण्यावर. पण अभयारण्याच्या हद्दीत परवाना कशाला द्यायचा हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक ठरवतात, आणि धोरण तुमचे असते. वृद्धांसाठी, चालता न येणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणारी एखादी संथ होडी रुंद खाडीपुरती ठेवायला हरकत नाही. बाकी सगळे वल्ह्यावर.

वल्हे कोणी मारायचे? इथे मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

चोडणचे कांदळवन रिकाम्या जागी उगवलेले रान नव्हे. त्याच्या पाठीला खाजन शेती आहे. बांध घालून, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणझडपेची, दारे बसवून, खाऱ्या पाण्याला वेसण घालून पिढ्यान्‌पिढ्या इथे कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात काढले गेले. भरतीला दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी मिळते. बांध फुटला, दुरुस्ती रखडली, शेत पडीक राहिले की दोन-चार पावसाळ्यांत तिथे खारफुटी शिरते. मग शेतकऱ्याला तिला हात लावता येत नाही, कारण ती किनारी नियमन क्षेत्राच्या कडक वर्गात जाते. कायदा बरोबरच आहे. पण ज्याच्या आजोबाने त्या बांधावर चिखलाची पाटी वाहिली त्याला आज सरकारी पाटी दिसते, “प्रवेश निषिद्ध”. त्याला हे वन आपले का वाटावे? पलीकडे दुर्भाटला पौषातल्या अमावास्येला शेतकरी बांधावर चिखलाची मगर घडवतात, शिंपल्यांनी सजवतात आणि पूजतात. मानगें थापणी म्हणतात तिला. ज्या प्राण्याची भीती, त्यालाच बांधाचा राखणदार मानणारी ही माणसे आहेत. त्यांना निसर्गरक्षणाचे व्याख्यान द्यायला आपण शहरातून वक्ते आणतो, ही मात्र कमाल आहे.

तेव्हा होडीचे परवाने चोडणच्या खाजनकरांच्या, मासळी धरणाऱ्यांच्या घरांना द्या. एका बड्या कंत्राटदाराला सबंध होडीफेरी देऊ नका. तो वेळ वाचवायला इंजिन लावील, खेपा वाढवील आणि गावातल्याच माणसाला रोजंदारीवर ठेवील. इथून उत्तरेला वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावे सांगतात, पैसे गटाकडे जातात. तुमच्या अधिकाऱ्यांना अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी जायची गरज नाही. सकाळी निघाले तर दुपारी वेंगुर्ल्यात मासळीचे जेवण करून संध्याकाळी घरी.

याच्यासाठी नवा कायदाही नको. वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 33 ब आहे. प्रत्येक अभयारण्यासाठी राज्याने सल्लागार समिती नेमावी, तीत त्या मतदारसंघाचा आमदार, पंचायतींचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणारे तिघे असावेत, आणि आसपास राहणाऱ्या लोकांचा सहभाग कसा वाढेल यावर तिने सल्ला द्यावा, असे त्यात लिहिले आहे. चोडणची समिती असेल तर तिची नावे आणि बैठकींचे इतिवृत्त चोडणच्या पंचायतीच्या फलकावर लावा, म्हणजे कोणाला जाऊन विचारायचे ते आम्हाला कळेल. नसेल तर नेमा. आणि पंचायतींच्या त्या तीन जागांवर गावातले, स्वतः होडी हाकणारे कोणीतरी येईल असे बघा.

संख्येचा प्रश्न आता टाळता येणार नाही. जुलै 2025 पासून रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो, म्हणजे मोटारी थेट चढवता-उतरवता येतील अशा, फेरीबोटी आल्या. बेटावरच्या लोकांसाठी ते चांगलेच झाले, तासन्‌तास रांगेत त्यांनी पुष्कळ सोसले आहे. पण मोठी फेरी म्हणजे जास्त मोटारी, आणि त्यांतल्या काही थेट अभयारण्याच्या फाटकाशी. 178 हेक्टरांत एका भरतीला किती होड्या शिरल्या तर पक्षी जागा सोडत नाहीत, हे आधी मोजून घ्या आणि तेवढेच परवाने काढा. गर्दी झाल्यावर आकडा ठरवायला बसलो तर तो गर्दीच्या सोयीचाच निघतो. नदी परिवहन खाते तुमच्याकडे नसेल, पण मंत्रिमंडळात शेजारीच बसता. रायबंदरच्या धक्क्यावर एक फळा लावून घ्या: आजची भरती अमुक वाजता, होड्या अमुक, शिल्लक जागा अमुक. मराठी-कोकणीत लिहा, खडूने लिहा, चालेल. जागा शिल्लक नसेल तर माणूस तिथूनच परत फिरेल किंवा शेजारच्या दिवाडी बेटाला जाईल, फाटकाशी येऊन हुज्जत घालणार नाही.

प्लास्टिकबद्दल एवढेच, की उधाणाच्या भरतीनंतर मुळांवर काय अडकले आहे ते तुम्ही स्वतः एकदा बघावे. दारूच्या चपट्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, थर्माकोलचे तुकडे. हा कचरा चोडणचा नाही, नदीने आणलेला आहे, आणि होडीवाल्यांना परतीच्या खेपेत तो गोळा करण्याचे वेगळे पैसे दिले तर बराचसा निघेल. फुकट श्रमदानावर ते चालणार नाही. वर्षातून एकदा हातमोजे घालून फोटो काढणारे आम्ही लोक एका सकाळीत दमतो.

आणखी एक. पावसाळ्यात होड्या सरळ बंद ठेवा. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, ती गोव्यात सर्वांना मान्य आहे; तिला जोडून ही सुट्टी सांगितली तर कोणी कुरकुरणार नाही. पाण्याला ओढ असते, मुले घेऊन त्यात जाणे शहाणपणाचे नाही, आणि वनालाही विसावा मिळतो.

वर कर्नाटकाशी म्हादईच्या पाण्याचा झगडा आहे, लवादाने 2018 मध्ये कोणाला किती ते सांगितले, आपण न्यायालयात आहोत. तिथे आपले वकील सांगतात की वरचे गोडे पाणी कमी झाले तर खालची खाडी खारट होईल. बरोबर सांगतात. कांदळवनाला समुद्र आणि नदी दोन्ही लागतात. पण त्याच खाडीतले 178 हेक्टर आपण कसे सांभाळतो हे कोणी उद्या विचारले, तर दाखवायला काहीतरी धड असावे.

माझ्या शाळेची सहल डिसेंबरात आहे. अर्ज रीतसर पाठवतो आहे. त्यात तारीख लिहिलेली नाही, तिथी लिहिली आहे: शुद्ध द्वादशी, सकाळी नऊची भरती, पस्तीस मुले, चार वल्ह्यांच्या होड्या आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट. द्वादशी शक्य नसेल तर दशमी चालेल, पण मग पाणी साडेसातला चढते. आम्ही डिचोलीहून सहाला निघू. तुमच्या बाजूने फाटकाची किल्ली घेऊन कोणीतरी सातला हजर असावे.

कळावे,
आपला विश्वासू,
डिचोली तालुक्यातला एक शाळामास्तर